आखूड दस्त्याची बंदूक

गावाहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत लसूण सोलत बसलो होतो.

“काका, नाक फुटला माझा,” दिगू म्हणाला.

“कोणी फोडल्यान?”

“काकीच्या बंदुकीन.”

मी हसलो. इतका हसलो की सून स्वयंपाकघरातून बघायला आली. इंदू, माझी बायको, जाऊन ही दुसरी सुगी. तिचं नाव निघालं की गप्प व्हायचं, अशी आमच्या घराला सवय लागली होती. हसायची सवय मोडली होती.

दिगू माझ्या भावाचा मुलगा. सिंधुदुर्गातलं आमचं घर नि शेत आता तोच बघतो. घरात माझ्या वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, मागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून नारळाचा काथ्या गजाने ठासायचा, घोड्याखाली टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. परवाना शेतराखणीचा. मी आखातात असायचो म्हणून तो इंदूच्या नावावर करून घेतला होता. ती गेली तशी बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. यंदा दिगूला परवाना मिळाला, बंदूक घरी आली, आणि पहिल्याच बाराला तिने त्याचं नाक फोडलं.

“दारू वाईच जास्त झाली,” दिगू म्हणाला. “पण दस्तो लय आखूड आसा, काका. तालुक्याचो मेस्त्री म्हणता, ह्यो काढून टाकूया, नवो बसवया. तुमी हो म्हणा.”

“डुकरं आली?”

“परवा कोपऱ्यातलो भाताचो कुणगो लोळवल्यानी. भात पिकत इला. तुमी हो म्हणा, मी जातंय मेस्त्रीकडे.”

“दस्ता टाकायचा नाही.”

“मग भात टाकू?”

पोरगा बरोबर बोलत होता. मी म्हटलं, थोडं थांब. त्याने फोन ठेवला. मी लसूण तसाच ठेवून खाली खाडीकडे बघत बसलो.

शार्जात अल मजाजला मुलाचं घर आहे. हेच दिवस इथे उन्हाळा मोडण्याचे. सकाळी खिडकीची काच बाहेरून घामेजायची थांबते. दार उघडं ठेवलं तरी कोणी ओरडत नाही. संध्याकाळी खाडीच्या काठाने बायका मुलांच्या गाड्या ढकलत फिरायला लागतात. बाहेरून आलेल्या माणसाला हा नुसता हवापालट वाटतो. मला विचाराल तर हा बंदुकांचा हंगाम.

ह्याच शहरात मी आयुष्य काढलं. तेव्हा कामगारांच्या खोलीत राहायचो, आता मुलाचा बाप म्हणून लिफ्टने वर जातो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. जात नि धंदा सुताराचा. काम होतं एका बंदुकांच्या दुकानामागच्या खोलीत. लोखंडाचं सगळं एक पठाण बघायचा, लाकडाचं मी. फुटलेला दस्ता जोडायचा, नवा तासायचा, कोणाच्या हाताला लांब असेल तर कापायचा, तेल पाजायचं. उन्हाळाभर आम्ही माशा मारायचो. हवा फिरली की अरबी लोक कपाटातल्या बंदुका घेऊन यायचे. इथे शिकार बंद झाली त्यालाही जमाना झाला. कोणी परदेशी शिकारीला जायचे, कोणी नुसते वाळूत डबे उडवायचे, कोणी लग्नात हातात घेऊन नाचायचे. तरी बंदूक साफ पाहिजे, तेल पाजलेली पाहिजे.

मला सुरुवातीला कळायचं नाही. ज्याच्याकडे भिंतभर नव्या इटालियन बंदुका, तो माणूस काखेत टॉवेलात गुंडाळून एक जुनी, बारक्या नळीची, दस्त्याला तार बांधलेली बंदूक घेऊन यायचा नि म्हणायचा, पहिली ही कर. मी पठाणाला विचारलं, ह्यात काय आहे? तो म्हणाला, नव्या बंदुका त्याच्या पैशाला ओळखतात. ही त्याला ओळखते.

पठाण बोलायला चांगला होता. पण मला खरं कळलं ते बू राशिदमुळे.

बू राशिद म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. पांढरी दाढी, पाय जरा ओढत चालायचा. त्याच्याकडे त्याच्या बापाची लांब बंदूक, चांदीचे पट्टे मारलेली. पहिल्यांदा आणली तेव्हा दस्त्यावर एका जागी तेलकट काळा डाग होता. मी पॉलिशपेपर घेतला. त्याने माझं मनगटच धरलं.

“बाबा, इधर हाथ नहीं लगाना. इधर मेरा बाप है.”

नेम धरताना गाल टेकतो ती जागा. बापाच्या दाढीचं तेल, घाम, वर्षानुवर्षं लाकडात मुरलेला. बाकी सगळी बंदूक मी आरशासारखी केली, तेवढी जागा सोडली.

पण ती बंदूक त्याला लांब होती. बाप उंच, हा ठेंगू. खांद्याला लावायला गेला की दस्ता काखेत अडकायचा. दर हंगामाला यायचा, दुकानात खांद्याला लावून बघायचा नि विचारायचा, “काटे बिना छोटा होगा क्या?”

“नहीं होगा, बाबा. मैं सुतार है, जादूगर नहीं.”

“अच्छा. तो खलास. अगले साल देखेगा.”

पुढच्या वर्षी परत तेच. लोक म्हणायचे त्याने त्या बंदुकीने कधी काही मारलं नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. चहा प्यायचा, गुंडाळून घेऊन जायचा.

दुसरं एक गिऱ्हाईक आठवतं. तरुण, श्रीमंत. नवी दोन नळ्यांची बंदूक घेतली, दस्ता मापाने करून पाहिजे म्हणाला. माप घ्यायचं ते कोपराच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत. मी नीट घेतलं. अंगात त्याच्या कंदुरा, म्हणजे त्यांचा तो पांढरा पातळ झगा, बाहेर आग पडलेली. बंदूक अशी बसली की तो माझ्या पाठीवर थाप मारून “हबीबी” म्हणाला. मग तो गेला बर्फाच्या मुलखात हरणं मारायला. तिथे अंगावर हा जाड कोट. बंदूक वर उचलली की बगलेत अडकायची. हरणं बघून बघून निघून गेली. परत आला तो दारातूनच ओरडत. मालकाने त्याला शांत केलं, खजूर दिले, आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एक गोधडीसारखा जाड कोट आणून दुकानात खिळ्याला टांगला. तेव्हापासून जो परदेशी जाणार, त्याने आधी तो कोट घालायचा, मग माप. शार्जातल्या उकाड्यात मोठमोठी माणसं कोटात उभी, घाम नाकावरून गळतोय, आणि मी कोपरावर टेप धरलेला. पठाण मागे तोंडात फडकं कोंबून हसायचा.

हे सगळं मी सुट्टीत इंदूला सांगायचो. ती म्हणायची, “माझी काय शिकार नाय, पण राखणेक बसताना आंगार घोंगडी आसा.”

मी दरवर्षी मे महिन्यात घरी जायचो, सगळे जातात तसा. आंबे खायचे, लग्नं करायची, पावसाच्या तोंडावर परत. भाताची सुगी मला ठाऊक होती ती लहानपणची. एकाच वर्षी असं झालं की दुकानाची जागा बदलायची होती, नि मालकाने ऐन हंगामात मला सुट्टी देऊन टाकली. नोकरीत असताना घरी बघितलेली ती एकच सुगी. आज दिगूचा फोन आल्यापासून तीच डोळ्यांपुढून हलत नाही.

वालयाचं, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या जातीचं भात लालसर होतं. पिकत आलं की सगळ्या खोऱ्याला त्याचा वास सुटतो, गरम तव्यावर पाणी मारल्यासारखा. मी विसरलो होतो तो वास. घरी पोचलो तर घराला कडी. इंदू शेतात. बांधावर चार खांबांचा माळा, वर झापांचं छप्पर, आणि त्याच्यावर आमची बाई घोंगडी घेऊन बसलेली, मांडीवर माझ्या बापाची बंदूक. दिवेलागण व्हायची होती.

“इलास?” एवढंच म्हणाली. “वर येवा. खांब हालवू नकात.”

मी वर चढलो. थोड्या वेळाने समोरच्या करवंदीच्या जाळीत खसफस झाली. ती उभी राहिली. मला वाटलं आता बार काढणार. तिने आधी आवाज दिला, पाहुण्यांना द्यावा तसा. “पॉट भरला मां? जावा आता घराक.” जाळी गप्प. मग बंदूक उचलून तिने आभाळात बार काढला. डुकरं धावत सुटली त्याचा आवाज आला. गंधकाचा धूर माझ्या नाकातोंडात. आणि समोरच्या डोंगरावरच्या वाडीतून कोणीतरी आरोळी दिली, “इंदूचो बार!”

“हे काय?” मी विचारलं.

“आवाज वळखतत. प्रत्येकाचो येगळो. आपलो जरा घोगरो.”

डुकराला मारायचं नाही हा तिचा कायदा सरकारच्याही आधीचा. मारलं तर उद्या भियाचं कोण, असं म्हणायची. माझे वडील शिकार करायचे. त्यांच्या वेळी पारध आली की वाटे पडत: हाकाऱ्यांना एकेक, कुत्र्याला एक आणि बंदुकीला एक. बंदुकीचा वाटा बंदूकवाल्याच्या घरी जायचा. इंदूने शिकार बंद केली पण वाटा बंद केला नाही. मळणी झाली की नव्या तांदळातली एक वाटी बंदुकीची. बंदूक दाराआड टेकवून ठेवायची, तिच्यापुढे वाटी मांडायची, हळदकुंकू लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्याची पेज करून स्वतः खायची.

“देवाचो नैवेद्य सगळ्यांका देतंस, ह्यो कित्या नाय?” मी विचारलं होतं.

“बार मी काढतंय, वाटो माझो. बंदुकीक तोंड आसा, दात नाय. म्हणान मी खातंय.”

त्या रात्री तिने घोंगडी काढून ठेवली तेव्हा मला तिचा दंड दिसला. खांद्याखाली निळाकाळा डाग. दस्ता लांब. तिच्या खांद्यात तो बसतच नव्हता, दंडावर टेकवून बार काढायची ती. दर सुगीला तो डाग पडायचा आणि मे महिन्यापर्यंत मावळायचा. म्हणून मला कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी करवत काढली.

“मामांजींची बंदूक कापतलास?” ती म्हणाली. तिला खरोखर धक्का बसला होता.

“बाप गेला. तू आहेस.”

मी तिला अंगणात उभी केली. घोंगडी घे म्हटलं. ऊन चढलेलं, ती म्हणाली, वेड लागला काय तुमका. मी दुकानातल्या कोटाची गोष्ट परत सांगितली. हसत हसत तिने घोंगडी घेतली. मी कोपरापासून बोटापर्यंत दोरा धरला, घोंगडीची जाडी सोडली, खूण केली आणि कापलं. कड कानशीने गोल केली. बंदूक खांद्याला लावून तिने शेंड्यावरच्या नारळावर नेम धरला, गाल टेकवला. मग म्हणाली, “आता माझी झाली.”

कापलेला तुकडा मी खिडकीत ठेवला होता, बापाची आठवण म्हणून. संध्याकाळी बघतो तर नाही. इंदूने पेजेखाली चुलीत घातला होता. म्हणाली, “शिसवाचो होतो. बरो जाळ दिल्यान.”

परत आल्यावर हे मी बू राशिदला सांगितलं. तो आधी “ला हौल” म्हणून डोक्याला हात लावून बसला. मग हसायला लागला. त्याच सुमारास एकदा तो दुकानात असताना मी इंदूला मोबाईलवर फोन लावला होता. शार्जात दुपार कलती, गावाकडे दिवेलागण. इंदू म्हणाली, “थांबा जरा.” आणि फोनातून असा बार आला की बू राशिदने चहा सांडला. लगेच तिचा आवाज, “हां, बोला.”

“किसका बंदूक?” बू राशिदने विचारलं.

“मेरा औरत का.”

त्यानंतर तो दर हंगामाला आधी तिच्या बंदुकीची खबर विचारायचा, मग स्वतःची टॉवेलातून काढायचा. मी नोकरी सोडून गावी गेलो तेव्हा तो होता. आता नाही. त्याच्या बापाच्या गालाची जागा आता कोणाकडे आहे कोण जाणे. कापली नसावी म्हणजे झालं.

गावी गेल्यावर काही सुग्या मला इंदूबरोबर माळ्यावर मिळाल्या. बार तीच काढायची. मी काथ्या ठासायला. त्यात मी खूश होतो. दस्त्यावर तिच्या गालाची जागा काळी चकचकीत झाली होती, खोबरेलाची. तिच्या वेणीला तेल फार.

तोच दस्ता दिगू टाकायला निघाला होता.

लसूण सोलून झाला, जेवण झालं, तरी मी विचार करत होतो. बू राशिदचा बाप उंच होता, म्हणून बिचाऱ्याला आयुष्यभर काही करता आलं नाही. लांब लाकूड आखूड करायला कापावंच लागतं. पण आखूड लाकूड लांब करायचं तर मागून जोड देता येते, आणि पुढचं सगळं जसंच्या तसं राहतं. एवढी साधी गोष्ट, सुताराच्या पोराला कळायला इतका वेळ लागला. माझी बायको बुटकी होती हे माझं नशीब.

सकाळी जुन्या दुकानात गेलो. जुना मालक घरी असतो, आता त्याचा मुलगा बसतो. कोट अजून खिळ्यावर आहे, कसर लागलेला. त्याला म्हटलं, अक्रोडाच्या लाकडाचा एक तुकडा दे. त्याने दिला, वर म्हणाला, काय जोडायचं असेल त्याचा फोटो दाखव, रंग मिळवून देतो, सांधा दिसणार नाही.

“दिसू दे,” मी म्हटलं. “कोण कुठे संपलं नि कोण कुठे सुरू झालं ते कळलं पाहिजे.”

दिगूला व्हिडिओवर घेतला.

“घोंगडी घे अंगावर.”

“काका, घामाच्या धारा लागल्यात हय.”

“घे म्हणतो ना. कोपरापासून बोटापर्यंत टेप लाव. तुझ्या बायकोला लावायला सांग, तू स्वतः लावलास तर वाकशील.”

मागून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. दिगू घोंगडीत, नाकाला पट्टी, हात बंदूक धरल्यासारखा वर. सुनेने ते बघितलं नि तिलाही हसू आवरेना. माझा मुलगा ऑफिसला निघाला होता, तो बूट घालता घालता थांबला. “बाबा, हे विमानातून पाठवणार? एअरपोर्टवर विचारतील काय आहे.”

“सांगायचं, लाकूड आहे. लाकूडच आहे.”

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मी बसलो. एका हातात अक्रोड, दुसऱ्यात कानस. नात शाळेतून आली, दप्तरासकट येऊन उभी राहिली.

“आजोबा, आर यू मेकिंग अ गन?”

“नाही गो. बंदुकीची टाच. बंदूक बुटकी आहे नि दिगूकाका उंच.”

“सो इट्स लाइक हाय हील्स.”

“तसंच.”

“फॉर आजी?”

“आजीला कधी लागली नाही. ती होती तेवढीच पुरायची.”

ती बसली माझ्याजवळ. भुसा फुंकून उडवत होती. खाली खाडीवर लाकडी होड्या फिरत होत्या, वारा गार होता. ह्याच दिवसांत मी पूर्वी दुकानामागच्या खोलीत दुसऱ्यांच्या बापांच्या बंदुकांना तेल पाजत असायचो. आता आमच्या घरच्या बंदुकीचं काम करत होतो, आणि अंगावर वारा लागत होता. इंदू असती तर म्हणाली असती, बसलास तर कोपऱ्यात बसा, भुसो घरभर करू नकात. मी सरकून कोपऱ्यात बसलो.

आमच्या इमारतीतला एक सावंतवाडीचा माणूस सुट्टीला चालला होता. त्याच्याबरोबर तुकडा गेला. दिगूला बजावून सांगितलं, दोन स्क्रू, मागूनच. गालाच्या जागेला पॉलिशपेपर लावलास तर तिकडे येऊन तुझं नाक परत फोडीन. तो म्हणाला, माहीत आसा, काकीच्या तेलाचो वास येता अजून.

त्याच्या बायकोने मधे फोन घेतला. “काका, मळणी झाली की बंदुकीचो वाटो काढूचो मां? पण खावचो कोणी?”

“जो बार काढतो त्याने. काकीचा कायदा आहे.”

“म्हणजे ह्येनी. नाक फोडून घेऊन वर वाटो.”

“मूठभर माझ्यासाठी ठेव. टाच माझी आहे.”

काल तिकडे दिवेलागणीला, इकडे उन्हं खाडीवर तिरपी आलेली असताना, मीच फोन लावला.

“लावलंस काय दस्त्याक?”

“लावलंय. माळ्यार बसलंय. काका, थांबा जरा.”

मी थांबलो. मग बार आला. तोच, जरा घोगरा. फोन कानापासून बाजूला घ्यायचं मला सुचलं नाही.

“हां, बोला काका.”

“नाक?”

“शाबूत.”

मागून, लांबून, कोणीतरी ओरडलं. नीट ऐकू आलं नाही. मी विचारलं, कोण ते?

“वरची वाडी. इंदूचो बार, इंदूचो बार, म्हणान बोंबलतत. काय सांगू तेंका? बंदूक आता माझ्या नावार आसा म्हणान?”

“काही सांगू नको,” मी म्हटलं. “ओरडू दे.”